जांभ्याच्या पुडीने सडा कसा रंगवावा

सडा म्हणजे कोकणातला जांभ्याचा, तांबड्या सच्छिद्र दगडाचा, उघडा माळ. तो चित्रात रंगवायचा तर ट्यूबमधला तांबडा रंग पुरा पडत नाही. आमच्या पावसच्या बाजूचा सडा मे महिन्यात बघा. वरून काळपट, भोकाभोकांचा, आणि जिथे चिरा (बांधकामाचा दगड) काढलाय तिथे आतून लाल, पिवळा, मधेच जांभळट. हा खडबडीतपणा नुसत्या ब्रशने येत नाही. म्हणून मी ॲक्रिलिक रंगात जांभाच मिसळते, आणि त्यावर रेघा कोरते. इथे सांगते आहे ती रीत दोन फूट बाय तीन फुटांच्या चित्राची आहे.

हातात रंग घेण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: चित्रात काय ठेवायचे आणि कशाचा फक्त ठसा घ्यायचा. माझा नियम साधा आहे. दगड आणि वाळू चित्रात राहते. झाडापेडाचे जे असेल त्याचा ठसा घ्यायचा आणि वस्तू काढून टाकायची. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर घरातली हवासुद्धा ओली असते. परदेशातल्या व्हिडिओत सुकी पाने, दोऱ्या, फुले थेट कॅनव्हासवर चिकटवतात. इथे त्यांना बुरशी धरते. काथ्या चिकटवला तर त्यातला तपकिरी अर्क ओल्या रंगातून वर येतो आणि पांढऱ्यावर डाग पडतात. काजूच्या टरफलांना तर हातही लावू नका, त्यातल्या तेलाने कातडी भाजते.

घरगुती रंगांचेही तेच. रातांब्याचा, म्हणजे कोकमाचा, लाल किती सुंदर, हळदीचा पिवळा किती झळझळीत! पण ॲक्रिलिक अल्कधर्मी असते. रातांब्याचा लाल त्यात पडला की निळसर, मळकट होतो, हळद लालसर तपकिरी होते, आणि दोन्ही उजेडात उडून जातात. जांभ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. तो उन्हाने उडत नाही, ॲक्रिलिकशी भांडत नाही. चित्राखालची भिंत पाडावी लागेल, पण हा लाल तसाच राहील.

आता फळी. ताणलेला कॅनव्हास या कामाला घेऊ नका. पुडीचा जाड थर लवचिक कापडावर तडकतो. मरीन प्लाय घ्या, १२ मिलिमीटर जाडीचा. दुकानदाराला मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का दाखवायला सांगा. आयएस ३०३ हा घरातल्या फर्निचरचा प्लाय, तो दमट भिंतीवर टिकेल याची खात्री मी देणार नाही. दोन बाय तीन फुटांचा तुकडा साधारण पाच किलोच्या आत भरतो. त्याच्या कडा नीट घासा आणि सगळ्यात आधी त्याच बंद करा. प्लाय पाणी पितो ते कडेने. ॲक्रिलिकचे ग्लॉस मीडियम (रंग नसलेले, चकचकीत सुकणारे ॲक्रिलिक) कडांना तीन वेळा, पाठीला दोन वेळा, पुढच्या बाजूला दोन वेळा. या थराने लाकडातला तपकिरी रंगही वर यायचा थांबतो. मग पुढच्या बाजूला जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर बारीक पॉलिशपेपर. भिंतीची पुट्टी स्वस्त पडते म्हणून ती लावायचा मोह होतो. ती ठिसूळ असते, तिच्यावर बसवलेला थर तिच्यासकट निघून येतो.

जांभ्याची पूड मिळवायला कुठे लांब जावे लागत नाही. चिरेखाणीवर मशीनने चिरे कापतात, तिथे पुडीचे ढीग पडलेले असतात. विचारून एक पिशवी आणा. शक्यतो दोन-तीन खाणींची आणा, कारण प्रत्येक खाणीचा रंग निराळा. लाल पुडीत हेमेटाइट हे लोहखनिज जास्त, पिवळट पुडीत गोएथाइट हे दुसरे लोहखनिज. वापरण्याआधी तिला धुवायची. बादलीत पूड आणि भरपूर पाणी घेऊन ढवळा, मिनिटभर थांबा, जड खडे तळाला बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी काढून टाकले की तळाशी लोण्यासारखा गाळ राहतो. तो कापडावर पसरून सुकवला की तुमचा रंग तयार. पहिल्या बादलीतले खडे टाकू नका, चाळून दोन जाडीचे करून ठेवा. ते खडबडीत भागाला लागतील. सुकी पूड चाळताना तोंडाला मास्क लावा, ही धूळ छातीत जाणे चांगले नाही.

पिवळी पूड असेल तर तिच्यातली थोडी अंगणातल्या चुलीवर जुन्या लोखंडी तव्यात भाजून बघा. तीनशे अंशांच्या आसपास गोएथाइटमधले पाणी निघून जाते आणि पिवळा डोळ्यांदेखत लाल होतो. मधेच तवा उतरवला तर नारिंगी मिळतो. एकाच ढिगातून चार छटा हातात येतात आणि त्या एकमेकींना शोभतात, कारण त्या एकाच दगडाच्या आहेत. हा तवा पुन्हा भाकरीला वापरू नका.

वाळू थोडीच लागते, वाटीभर. रत्नागिरीत मांडवीची वाळू काळी, म्हणून तिथल्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात; पलीकडे पांढरा समुद्र आहे. काळ्या वाळूत इल्मेनाइट हे काळे खनिज असते, तिची चमक सड्याच्या काळ्या पापुद्र्याला फार जवळची आहे. पण समुद्राची वाळू म्हणजे मीठ, आणि मीठ पावसाळ्यात हवेतले पाणी ओढते. रंगाखाली मीठ राहिले तर थर सुटतो किंवा वर पांढरी पूड फुलते. गोड्या पाण्याने वाळू पुन्हा पुन्हा धुवा. संपली का धुलाई हे ओळखायची खूण: शेवटच्या धुण्याचे चमचाभर पाणी काचेवर उन्हात सुकवा, शेजारी विहिरीचे साधे पाणी तितकेच. दोन्हींचे डाग सारखे दिसले की मीठ गेले. वाळूच्या डागाला पांढरी कड जास्त असेल तर पुन्हा धुवा.

मग लेप. मॅट (चमक नसलेले) मीडियम दोन ते तीन चमचे, जांभ्याची पूड एक चमचा, हे प्रमाण धरून सुरुवात करा. त्यात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घातली की लेपाला अंग येते. प्लास्टर ऑफ पॅरिस नको, ते भांड्यातच घट्ट होते. लेप पॅलेट नाइफने उचलला तर पडू नये. थोडासा तुकड्यावर लावून सुकू द्या आणि बोटाने घासा. बोट लाल झाले तर मीडियम कमी पडले, वाढवा. पाण्याने पातळ करायची सवय असेल तर ती इथे सोडा: पाणी जास्त झाले की पूड बांधली जात नाही. ॲक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण. पाणी उडाल्यावर ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. म्हणूनच दमट हवेत त्याला घाई केलेली चालत नाही.

जाड थर एकदम देऊ नका. दीड-दोन मिलिमीटरचा एक, तो सुकला की त्यावर दुसरा. फळीच्या वरच्या तिसऱ्या भागात, जिथे आकाश येणार, तिथे लेप नको. खाली सड्याचा भाग जसजसा जवळ येतो तसतसे जाड खडे मिसळत या. दूरच्या सड्याला वस्त्रगाळ पूड, पायाजवळच्या कातळाला खडे. अंतर रंगाने दाखवायच्या आधी हाताला लागणाऱ्या पोताने दाखवता येते, आणि मला या माध्यमातली ही सगळ्यात मोठी गंमत वाटते.

दुसरा थर अर्धवट ओला असताना कोरायचे. बोटाला चिकटत नाही पण नखाने दाबले तर खळगा पडतो, ही वेळ. मे महिन्यात ती तासाभरात येते, जुलैत दुसऱ्या दिवशी सकाळी. कोरायला बोथट केलेला खिळा आणि संपलेले बॉलपेन उत्तम.

काय कोरायचे? आपल्या सड्यांवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी हेच केले आहे. कशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षीचा हत्ती, बारसू, देवीहसोळ, रुंधेतळी, सगळी कातळशिल्पे जांभ्यातच कोरलेली. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तिथे जा, दुपारी नको. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उजेडात कोरलेल्या रेघेची एक कड उजळते आणि दुसरीत सावली साठते, तेव्हा कळते की खोली किती हवी. वहीत बघून काढा. रेघा दिसाव्यात म्हणून खडूने भरू नका, पाणी ओतू नका, कागद ठेवून घासून छाप घेऊ नका, रेघांवर पाय देऊ नका. जांभा मऊ दगड आहे, तो झिजतो. आणि घरी येऊन तीच आकृती जशीच्या तशी उतरवू नका. त्या माणसाने समोरचे जनावर कोरले, तुम्ही तुमच्या सड्यावरचे कोरा. मी टिटवी कोरते, गुरांच्या वाटा कोरते.

कोरलेले पूर्ण सुकले की बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळून पातळ करा, सगळ्यावर फासा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. रेघांमध्ये, भोकांमध्ये काळोख राहतो, उंच भाग पुन्हा लाल दिसतो.

गवताचा ठसा मात्र कोरण्याच्याच अर्धवट ओल्या वेळेत घेतात. सड्यावरचे सुके गवत लेपावर ठेवा, वर पातळ प्लास्टिक, लाटण्याने हलके दाबा आणि गवत चिमट्याने उचला. जाळ्याचा ठसाही असाच निघतो. किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यांचे तुकडे पडलेले असतात. ते नायलॉन रंगाला नीट धरत नाही म्हणून चिकटवण्यात अर्थ नाही, पण त्याच्या गाठींचा ठसा सुरेख येतो. जाळ्याला शिशाच्या गोळ्या असतील तर त्या तिथेच राहू द्या, घरात आणू नका.

कागदाच्या बाबतीत मी माझा नियम थोडा वाकवते, कारण इथे कागद जातो आणि अक्षर राहते. सड्याची जमीन सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी, म्हणून लागलेली असते. तो शब्द मला चित्रात हवाच असतो. सातबाऱ्याची लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई पाण्याने पसरते. नावे आणि गट नंबर झाकून टाका, आणि दुकानात उलटी, म्हणजे आरशात दिसते तशी प्रिंट मागा. नाही तर अक्षरे उलटी उमटतील. आकाशाच्या गुळगुळीत भागावर जेल मीडियम (घट्ट मीडियम) लावा, प्रिंट पालथी ठेवा, हवेचे बुडबुडे बाहेर काढा, एक दिवस सुकू द्या. मग स्पंजने ओले करून बोटाने कागद घासून काढा. कागदाची सालपटे निघून जातात, काळी अक्षरे जेलमध्ये अडकून राहतात. पांढुरकेपणा उरला तर ग्लॉस मीडियमचा एक हात दिला की जातो.

यानंतर रंग, आणि इथे ब्रशपेक्षा मीडियम जास्त काम करते. मॅट मीडियममधला जांभा कोरडा दिसतो, मे महिन्याचा. त्याच जागेवर ग्लॉस मीडियमचा पातळ हात द्या, लाल एकदम गडद होतो आणि सडा भिजतो. रंग तोच आहे, फक्त उजेड परत येण्याची तऱ्हा बदलली. म्हणून पाणी साठलेले खळगे निळ्याने रंगवण्याऐवजी ते ग्लॉसने भरा: एक थर, वाळू द्या, दुसरा थर, अजून एक. शेवटच्या थराखाली आकाशाचा फिकट करडा अगदी थोडा. आजूबाजूचा कातळ मॅट ठेवला तर खळगा खरोखर भरलेला वाटतो. माणसे चित्राजवळ येऊन तिथे बोट लावून बघतात.

हिरवा जपून. थॅलो ग्रीन नुसता घेतला तर लालावर काळपट बसतो. आधी टायटॅनियम व्हाइट आणि पिवळी जांभ्याची पूड मिसळून हलका थर द्या, तो सुकल्यावर हिरव्याचा पातळ थर. सड्याचे हिरवेपण खळग्यांच्या कडेने सुरू होते, सगळीकडे एकदम पसरत नाही, तसेच ठेवा. फुलांची वेळ पाळा. पावसाच्या सुरुवातीच्या चित्रात दीपकाडीची पांढरी फुले येतील, ऑगस्ट-सप्टेंबरच्या चित्रात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. अल्ट्रामरीन, थोडा डायऑक्साझीन पर्पल आणि पांढरा, जुन्या टूथब्रशने उडवा, पण आधी कोरलेल्या रेघा कागदाने झाका. दोन्ही फुले एकाच चित्रात घालू नका, ज्याला सडा माहीत आहे त्याला ते लगेच खुपते.

ब्रश धुतलेले पाणी पऱ्यात (ओढ्यात) किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका. आधी ब्रश फडक्याने पुसा, बादली रात्रभर ठेवा, तळाचा गाळ वर्तमानपत्रावर सुकवून कचऱ्यात.

व्हार्निशची घाई करू नका. पावसाळ्यात पुरे केलेले चित्र दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेपर्यंत तसेच ठेवा. जाड थरांतले पाणी निघायला आठवडे लागतात, आणि दमट दिवशी लावलेले व्हार्निश पांढुरके पडते. सगळीकडे एकच व्हार्निश फासले तर कोरडे आणि ओले यातला फरक पुसला जातो. मोठ्या भागाला मॅट, खळग्यांना छोट्या ब्रशने ग्लॉस.

टांगताना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि तार वापरा, खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजून भिंतीवर ओघळ येतात. पाठीच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यामधून वारा खेळेल. चित्रे तोंडाला तोंड लावून ठेवू नका, मे महिन्याच्या उष्म्यात ॲक्रिलिक मऊ होते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात. प्लास्टिकमध्येही गुंडाळू नका. धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश पुरे. आणि पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवा: कुठल्या खाणीची पूड, भाजलेली की कच्ची, कुठल्या महिन्यात थर दिले. पुढे कधी एखादा कोपरा उडाला तर तोच लाल पुन्हा करायला ही नोंद लागेल.