ग्रेहाउंडला इंजेक्शन देताना

ओळखीतल्या मराठी घरांमध्येही आता निवृत्त रेसिंग ग्रेहाउंड दिसायला लागलेत. त्यांच्या सांध्यांसाठी डॉक्टरांनी कार्ट्रोफेनच्या इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला की मला फोन ठरलेला. "तू रोज टोचतेस, आम्हाला घरी जमेल का गं?" जमेल. पण लॅब्रॅडॉरवर बसलेला हात इथे जसाच्या तसा चालत नाही.

मी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, जिलाँगजवळच्या दवाखान्यात व्हेट नर्स आहे. आमच्याकडे ट्रेनरची, अजून रेसमध्ये धावणारी कुत्रीही येतात आणि सोफ्यावर कायमची मुक्कामाला आलेलीही. दोघांची चण एकच: कातडी पातळ, खाली चरबी नावालाच, आणि लगेच स्नायू. गावाकडे कारवान कुत्रं जवळून पाहिलं असेल तर मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आधी औषधाची तयारी. डोस वजनावर असतो आणि रेस सोडल्यावर ही कुत्री दोन-तीन किलोंनी सहज भरतात, तेव्हा कागदावरचं रेसिंगचं वजन धरू नका, दवाखान्याच्या काट्यावर नव्याने करून घ्या. कार्ट्रोफेनने रक्त गोठायला थोडा वेळ लागू शकतो. त्यात ग्रेहाउंडमध्ये ऑपरेशननंतर उशिरा रक्तस्राव होण्याची खोड आहेच, आणि यांचे दातही बहुतेकदा खराब, त्यामुळे दात साफ करायला भूल देणं वारंवार होतं. तशी तारीख ठरली असेल किंवा मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्यावरचं औषध चालू असेल, तर इंजेक्शन भरण्याआधी डॉक्टरांना विचारा. कुठे निळं-जांभळं दिसत असेल तर थांबाच.

सुई २३ गेजची पुरते. बाटलीच्या रबरातून औषध ओढलं की ती सुई काढून नवी लावा. रबरात टोक बोथट होतं आणि या कातडीला ते जाणवतं. फ्रीजमधलं औषध असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवा. हवेचे बुडबुडे टिचकी मारून वर आणा आणि बाहेर काढा.

आता धरणं. खरी अर्धी लढाई इथेच. ग्रेहाउंडला बसवायच्या भानगडीत पडू नका, त्यांना बसणं मुळात गैरसोयीचं असतं. उभं राहू द्या. एक बाजू भिंतीला लागू दे. दुसऱ्या माणसाने एक हात मानेखालून आणि एक पोटाखालून घ्यावा, म्हणजे मागचा भाग फिरत नाही. नुसता पट्टा धरून भागत नाही. यांची मान डोक्यापेक्षा जाड असते, साधा पट्टा सर्रकन निघतो. व्हिक्टोरियात २०१९ पासून पाळीव ग्रेहाउंडला बाहेर मुसकं घालायची सक्ती राहिलेली नाही, पण पहिल्या एक-दोन वेळा ते घालावं असं माझं मत. रेसिंगमुळे त्यांना सवय असते, त्यात त्यांना अपमान वाटत नाही. वाटतो तो मालकालाच.

आणि किंचाळी. हिच्याबद्दल आधीच सांगितलेलं बरं. ग्रेहाउंड सुई लागायच्या आधीच असं ओरडतं की शेजारी गेट उघडून बघतात. स्पिरिटचा गार बोळा लागला तरी पुरतं. धरणाऱ्याने अशा वेळी हात सोडायचा नाही आणि टोचणाऱ्याने सुई झटक्यात ओढायची नाही, कारण त्या ओढाताणीत ही कातडी कागदासारखी फाटते. ओरडू द्या, दहा सेकंदांत ते विसरतं. स्पिरिट लावलंच तर वाळू द्या, ओलं असताना टोचलं की झोंबतं.

कातडीखाली टोचायची जागा: खांद्यांच्या मागे, कण्यापासून थोडं बाजूला. लॅब्रॅडॉरच्या मानेवर मूठभर कातडी येते, इथे चिमूटभर येईल. हलकेच उचला, आवळू नका. खाली छोटा तंबू होतो, त्याच्या पायथ्याशी, पाठीला जवळपास समांतर सुई घाला. दट्ट्या किंचित मागे ओढून बघा. रक्त आलं तर काढा आणि नव्या सुईने दुसरी जागा घ्या. नुसती हवा आली तर सुई आरपार गेली आहे. पातळ कातडीत हे फार होतं, आणि औषध केसांवर सांडल्यावरच कळतं. सांडलं तर अंदाजाने पुन्हा भरू नका, दवाखान्यात फोन करा. सगळं नीट असेल तर सावकाश ढकला, सुई काढा, बोटाने जरा दाबून धरा. पुढच्या वेळी दुसरी बाजू.

स्नायूत द्यायचं इंजेक्शन डॉक्टरांनी समोर दाखवल्याशिवाय घरी देऊ नका. मांडीच्या मागच्या बाजूला सायटिक नस आहे, तिला सुई लागली तर पाय लुळा पडू शकतो. धावत्या कुत्र्याच्या बाबतीत तर ज्या स्नायूंवर त्याचं पोट चालतं तेच तुम्ही सुजवून ठेवता. शिरेतून द्यायचं तर नावच नको. पुढच्या पायावरची शीर दोरीसारखी टरारलेली दिसते, भल्याभल्यांना मोह होतो. तो डॉक्टरांनाच होऊ द्या.

धावत्या कुत्र्याचं आणखी एक. उपचारांची वही ठेवणं नियमाने बंधनकारक आहे, आणि रेसनंतर लघवीचा नमुना, ज्याला इथे 'स्वॅब' म्हणतात, कधीही घेतला जातो. 'ताकदीचं' म्हणून दिलेल्या बी-१२ मध्येही कोबाल्ट असतं आणि रेसच्या नियमांत कोबाल्टला मर्यादा आहे. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काही नाही, आणि रेसच्या किती दिवस आधी थांबायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. शेजारच्या केनेलमधून आलेल्या बिनलेबलच्या बाटलीबद्दल तर बोलायलाच नको.

इंजेक्शननंतर तासभर लक्ष ठेवा. छोटी गाठ येऊन जिरते. तोंड सुजलं, उलट्या लागल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर वाट न बघता इमर्जन्सी गाठा, आणि तिथल्या नव्या डॉक्टरांना 'ग्रेहाउंड आहे' हे आवर्जून सांगा. काही भुलीची औषधं यांच्या अंगातून फार सावकाश उतरतात, आणि तपासणीत तांबड्या पेशी जास्त दिसणं हे यांचं नेहमीचंच आहे.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, बोटं तिथेच टोचली जातात. सरळ वापरलेल्या सुयांच्या पिवळ्या डब्यात टाका. डबा भरत आला की तुमच्या दवाखान्यात विचारा, आम्ही तर घेतोच.