नायकाला परग्रहावर पाठवताय? आधी या चुका टाळा

श्रावण लागला की दिवाळी अंकासाठी कथांचे गठ्ठे येऊ लागतात. त्यातल्या एका अंकाच्या कथा चाळायचं काम माझ्याकडे असतं. विनोदी अंतराळकथा दरवर्षी असतेच: यायची अजिबात इच्छा नसलेला कुरकुऱ्या नायक, आणि समोर परका ग्रह. जमली तर धमाल येते. पण बहुतेक कथा ठरलेल्या जागीच घसरतात.

उदाहरणाला शनीचा टायटन घेऊ. तो आहे उपग्रह, पण त्याला स्वतःचं दाट वातावरण आहे. तिथे नद्या आहेत, समुद्र आहेत, पाऊस पडतो. फक्त हे सगळं पाण्याचं नाही, मिथेनचं. तापमान उणे 179 अंश. आणि आपला नायक मोरे, यानावरचा स्टोअरकीपर.

कुरकुरीला कारणच नाही

"अरे देवा, कुठे येऊन पडलो!" हे वाक्य पहिल्या पानावर चालतं. सातव्या पानावरही तेच असेल तर वाचक मोऱ्याला तिथेच सोडून चहा टाकायला उठतो. कुरकुरीला एक बारीकसं, चिवट कारण द्या. मोऱ्याचा बदली माणूस ड्यूटीवर आलाच नाही म्हणून याला पाठवलं, आणि सगळी हत्यारं याच्या सहीने दिलेली आहेत. एक पाना हरवला तरी पैसे पगारातून कापणार. आता हा माणूस टायटनवरही मान खाली घालून नग मोजत फिरेल. विनोदासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

ग्रह म्हणजे नुसता पडदा

आकाश नारिंगी केलं, माणसं हिरवी केली, बाकी सगळं आपल्या गल्लीसारखंच. शास्त्र आणलं की हसू मरतं, अशी लेखकांची समजूत दिसते. मला तर उलटंच वाटतं. हे वाक्य बघा: "मोरे कड्यावरून कोसळला आणि धप्पकन आपटला." हे पृथ्वीवरचं पडणं झालं. टायटनवर गुरुत्वाकर्षण आपल्या सातव्या हिश्श्याइतकं आणि हवा आपल्या हवेच्या चौपट दाट. शंभर मीटरच्या कड्यावरून इथे माणूस साडेचार सेकंदांत खाली येईल, तिथे अंदाजे पंधरा. पंधरा सेकंद म्हणजे ओरडून झाल्यावरही वेळ उरतो. मोरे ओरडतो, दमतो, घड्याळ बघतो, अजून जमीन आलेली नाही म्हणून बदली माणसाला उरलेल्या शिव्या देतो. शेजारून पावसाचे टपोरे थेंब पिसासारखे रेंगाळत खाली येत असतात. (14 जानेवारी 2005 ला हायगेन्स यान पॅराशूटने तिथे उतरलं, तेव्हा त्याला खाली पोचायला जवळजवळ अडीच तास लागले होते.)

आकाशात भलाथोरला कड्यांचा शनी रंगवायचा मोह प्रत्येकाला होतो. पण टायटनवर इतकं दाट धुरकं असतं की नुसत्या डोळ्यांनी शनी दिसणार नाही, आणि भरदुपारीही आपल्याकडच्या तिन्हीसांजेइतकाच उजेड. मोऱ्याला तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखं वाटू द्या. तसंच, मिथेन म्हटलं की "गॅससारखा वास आला" लिहू नका. मिथेनला वास नसतो. सिलिंडरचा वास आपल्याला गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. काडी ओढली की स्फोट, हेही नाही. हवेत ऑक्सिजनच नाही, तर मिथेन पेटणार कसा?

परग्रहवासी लगेच मराठी बोलतो

चौथ्या ओळीला "या, बसा" म्हणणारा हिरवा माणूस आला की मी पानं भराभर उलटतो. टायटनवर कुणी राहत असल्याचा पुरावा नाही, पण कथेत वसवलंत तर त्यांच्या बाजूने बघा. उणे 179 अंशांत पाण्याचा बर्फ हाच त्यांचा दगड. डोंगर त्याचेच, गोटेही त्याचेच. आता मोरे यानाच्या खिडकीजवळ बसून बाटलीतलं पाणी घटाघट पितो. बाहेर जमलेल्यांना काय दिसतं? खडक वितळवून पिणारा प्राणी! हा तर लाव्हारस पितो, आणि वर ढेकर देतो. ते लोटांगण घालतात, आपल्याला छळणाऱ्या राक्षसाशी लढायला याच्याइतका लायक कुणी नाही असं ठरवतात. मोरे समजतो, तेही तहानलेले आहेत. तो माणुसकीने उरलेली बाटली पुढे करतो आणि सगळे किंचाळत पळतात. भाषेचा एक शब्द न वापरता नायकपद गळ्यात पडलं. असा गैरसमज एकच ठेवा आणि शेवटपर्यंत मिटवू नका. दुभाष्या यंत्र आणलंत की तो मेलाच.

परग्रहवासीयांची झ, क्ष आणि ढ यांनी ठासलेली नावंही पुरे आता. ती मोठ्याने वाचून बघा.

शेवटी अचानक शूर

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नऊ पानं घाबरलेला माणूस दहाव्या पानावर छाती काढून भाषण देतो. हा मोरे नव्हेच, हा कुणीतरी उसना आणलेला. त्याला उडी मारायला लावायचीच असेल तर त्याच्याच कारणाने लावा. राक्षस कड्याखाली उभा आहे, सगळे मोऱ्याकडे बघताहेत, आणि त्याच्या पट्ट्यातून 24 नंबरचा पाना सुटतो. रजिस्टरला नोंद असलेला. जगाचं रक्षण वगैरे त्याच्या गावीही नाही. दाट हवेत मोऱ्यापेक्षा पाना लवकर खाली जातो, राक्षसाच्या टाळक्यात बसतो, आणि मागून मोरे "माझा पाना!" म्हणत पंधरा सेकंदांनी पोचतो.

इथे आणखी एक चूक हमखास होते: मोरे लगेच पृथ्वीवर फोन लावतो आणि ऑफिसशी बोलतो. शनी इतका लांब आहे की निरोप एका बाजूने पोचायलाच तासाहून जास्त, कधी दीड तासही जातो. म्हणून मोऱ्याने उडी मारण्याआधी पाठवलेला "पाना पडला, काय करू?" हा निरोप पोचून उत्तर यायला पावणेतीन तास लागले. तोवर राक्षस आडवा झाला होता, मिरवणूक निघाली होती आणि मोरे खांद्यावर होता. उत्तर एका ओळीचं होतं: "उडी मारू नये. सदर नग मागच्याच वर्षी भंगारात काढला आहे."