जवळच्या माणसाच्या मनात आत्महत्येचे विचार असतील तर काय करावे

"मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल," असं घरातलं कोणी बोललं की आपण पटकन "काहीतरीच काय बोलतोस!" म्हणून विषय तोडतो. तोडू नका. निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू देऊन टाकणं, वाढलेली दारू, फार दिवसांच्या तगमगीनंतर अचानक आलेली शांतता, याकडेही लक्ष हवं.

आधी विचारा, आणि थेट विचारा. दोघंच असताना: "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरतील ही भीती निराधार आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" हा प्रश्न मात्र नको. त्याला "नाही"शिवाय उत्तरच उरत नाही.

मग ऐका. हे सगळ्यात अवघड, कारण आपल्याला समजूत घालायची घाई असते. "आईवडिलांचा तरी विचार कर" यानं अपराधीपणा वाढतो. त्यापेक्षा "कधीपासून एकटाच सोसतोयस?" एवढं पुरे. मध्ये शांतता पसरली तर पसरू द्या. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "गरज पडली तर मदत बोलावेन, पण तुला सांगून," असं म्हणा.

उत्तर "हो" आलं, तर काही ठरवलंय का, कधी, तेही विचारा. ठरलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका. रुग्णालयात न्या किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. भारतात ११२. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

धोका तातडीचा नसला तरी औषधांचा साठा आणि जिवाला घातक वस्तू आवाक्याबाहेर ठेवा. तीव्र आवेग बहुधा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. "डॉक्टरांना दाखव" एवढं सांगून भागत नाही. वेळ तुम्ही घ्या, सोबत जा. जरा बरं वाटत असताना, त्यांच्याच शब्दांत, एका कागदावर लिहून घ्या: त्रासाची चाहूल कशी लागते, मन कशानं वळतं, कोणाला फोन करायचा.

रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे असतात, आणि विचारपूस नेमकी तेव्हाच आटते. अधूनमधून मेसेज करत राहा. उत्तर आलंच पाहिजे असा हट्ट नको. आणि हे सगळं एकट्यानं ओढू नका. विश्वासातलं आणखी एक माणूस, त्यांना विचारून, सोबत घ्या.