कंट्री हाउससाठी जुन्या घडणीचं नवं फर्निचर: या चुका टाळा

इंग्लंडमधल्या कंट्री हाउसेससाठी, म्हणजे खेड्यातल्या बड्या जमीनदारी वाड्यांसाठी, अठराव्या शतकातल्या नमुन्यांवरून फर्निचर करायला आलेला नवा गडी रंधा नीट धरायच्या आधीच विचारतो, "हे जुनं कसं दिसणार?" मग साखळीने बडवणं, ड्रिलने किडीची भोकं, वरून काळपट रंग. अरे, अठराव्या शतकातल्या नामांकित कारागीर चिपेंडेलने यॉर्कशायरमधल्या हॅरवूड हाउस या वाड्याला फर्निचर धाडलं तेव्हा ते नवंकोरंच होतं!

यॉर्कशायरमधल्या एका घरासाठी आम्ही जेवणाच्या खुर्च्या करत होतो. मी सुट्टीवर असताना एका उत्साही पोराने महोगनीच्या पायांना अगदी समान अंतरावर भोकं पाडली आणि माल रवानाही झाला. महोगनीच्या गाभ्याला ही कीड सहसा शिवत नाही. ती बीचच्या लाकडाला, अक्रोडाला लागते आणि आत वाकडीतिकडी फिरते. तिथल्या व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी भोकं पाहिली आणि जिवंत कीड समजून सगळा संच त्याच दिवशी तबेल्यात हलवला. त्यांचं काय चुकलं? शेजारच्या दालनात खरं जुनं सामान होतं. एकेक भोक रंगीत मेणाने बुजवायला मी त्या पोरालाच बसवलं. झीज हवीच असेल तर हातपाय लागतात तिथेच दाखवा. मी कडा पॉलिशपेपरने जरा मोडतो, बस.

दुसरी चूक महागडी. टेबलाचा अखंड माथा खालच्या चौकटीला सरसाने किंवा स्क्रूने जखडून टाकतात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पूर्वी ही घरं शेकोट्यांवर भागवायची, आता सेंट्रल हीटिंगने हिवाळ्यात हवा कोरडी पडते. माथा आकसतो, त्याला सरकायला जागा नसली की चिरतो. चौकटीच्या खाचेत सरकणारे लाकडी गुटके लावा. वेळ जातो, हो. तो वाचवायचा असेल त्याने प्लायवूडची कपाटं करावीत. लाकूडही मी आधी काही आठवडे गरम खोलीत ठेवतो, आल्याआल्या कापत नाही.

फिलिप्स स्क्रू, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा, 1930 च्या दशकातला, तो जॉर्जियन (अठराव्या शतकातल्या इंग्लिश) धाटणीच्या कपाटात दिसला की मला हसू येतं. 0.6 मिलिमीटरचं व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, तेही कडेला लगेच उघडं पडतं, हाताने कापलेलं बरंच जाड असायचं. आणि चपड्याचं आरशासारखं फ्रेंच पॉलिश? ते इंग्लंडमध्ये रुळलं एकोणिसाव्या शतकात. 1760 च्या नमुन्याला तेल किंवा मेण पुरे. (चपडा आपल्याकडचा म्हणून उगाच थापू नका.)

खुर्चीची मागची बाजू पुढच्याइतकी नटवू नका. त्या काळी खुर्च्या भिंतीला लावून ठेवत, मागे कोण बघणार?

दोन खिडक्यांमधल्या टेबलाचं माप फोटोवरून काढू नका. ते त्या भिंतीसाठीच घडवलेलं असतं, टेप घेऊन जा.

आणि सीटखालच्या चौकटीवर घडवल्याचं साल ठोका, म्हणजे ते जुनं म्हणून कोणी खपवणार नाही. ठोकू नका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मी घेत नाही.