दांड्यावर हात ठेवताच ख्रिसमस ट्रीचे दिवे वेडेवाकडे चमकायचे: माझा अनुभव

लक्षण असं: शॉपिंग सेंटरमधल्या झाडाचा दांडा कुणी धरला की खालून वर पांढरा प्रकाश चढायला हवा. पण मधलेच दिवे भलत्या रंगात लुकलुकायचे आणि शेंड्याकडचे लालसर दिसायचे. पट्टी डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणारी एलईडी पट्टी), ५ व्होल्ट, ३०० दिवे, कंट्रोलर ईएसपी३२ (दिव्यांना हुकूम देणारी छोटी प्रोग्रॅमेबल चिप).

कोड दोनदा नव्याने लिहिला, पट्टी बदलली, मोठा पॉवर सप्लाय लावला, फरक शून्य. लहान मुलं हात लावून वाट बघत उभी राहायची, ते बघवत नव्हतं.

खरं तर बिघाड दोन होते. ईएसपी३२ डेटा (दिव्यांना रंग सांगणारा सिग्नल) ३.३ व्होल्टचा देतो, पट्टीला मात्र ५ व्होल्टवर चालताना डेटा किमान ३.५ व्होल्टचा लागतो. म्हणून लुकलुक. लालसरपणा वेगळा: पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे एकूण १८ अँपिअर, आणि पट्टीच्या पातळ तांब्यात टोकापर्यंत व्होल्टेज पडतं.

वीज बंद करून आधी कंट्रोलर, पट्टी आणि सप्लाय या सगळ्यांचा ग्राउंड (ऋण तार) एक केला. मग कंट्रोलरजवळ डेटा ३.३ वरून ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप बसवली, तिला ५ व्होल्ट दिले आणि तिच्या चार गेटपैकी (सिग्नलच्या वाटांपैकी) वापरातल्या गेटची इनेबल पिन, म्हणजे ती वाट चालू करणारी पिन, ग्राउंडला जोडली. (ही पिन विसरलात तर आउटपुट येणारच नाही.) चिपपासून पहिल्या दिव्यापर्यंत डेटाची तार, दिव्याजवळ ३३० ओहमचा रेझिस्टर. शेवटी सप्लायपासून जाड तारांनी दर १०० दिव्यांना आणि शेंड्यालाही ५ व्होल्ट व ग्राउंड दिला, प्रत्येक फाट्यावर फ्यूज.

पूर्ण पांढऱ्यावर शेंड्याला मीटर लावला: ४.८ व्होल्ट.