कोरियन कलेला दाद कशी द्यायची: आधी घरी, मग म्युझियममध्ये, मग थेट कोरियात

के-ड्रामा बघून कोरियाला जायचं ठरवलेले बरेच जण मला विचारतात की सोलमध्ये काय काय बघू, आणि मी दरवेळी उलट विचारते की तुम्हाला त्यातलं नक्की काय आवडलंय, गाणं, कपडे, जुनी घरं, मातीची भांडी, देवळं, काय? कारण एक कुठली तरी कला धरून गेलात तर आठवडाभरात मन भरून येतं आणि सगळंच उरकायला गेलात तर पाय दुखतात आणि फोनमध्ये फोटो तेवढे साठतात. मी पानसोरी धरली होती, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिणार आहे, पण रीत कुठल्याही कलेला तीच.

पानसोरी म्हणजे उभं राहून गाणारी एकच व्यक्ती, हातात पंखा, शेजारी बसलेला एक वादक, त्याला गोसू म्हणतात, त्याच्या पुढ्यात बुक नावाचा ढोल, आणि एक लांबलचक गोष्ट. थोडं बोलणं, मग गाणं, मग परत बोलणं. आपण कीर्तन ऐकलेली माणसं, त्यामुळे हे आपल्याला अजिबात परकं वाटत नाही, बुवा कसे आख्यान लावतात, मध्येच पद घेतात, मध्येच म्हातारीचा आवाज काढतात, तसंच. जुन्या गोष्टींपैकी ५ आज टिकून आहेत आणि त्यातली छुनह्यांग नावाच्या मुलीची गोष्ट पूर्ण गायची तर ८ तासांपर्यंत चालते. २००३ साली युनेस्कोने पानसोरीची दखल घेतली.

घरी बसून काय करायचं

पहिलं काम म्हणजे गोष्ट वाचून ठेवायची. सिमछंगची गोष्ट घ्या सुरुवातीला. आंधळ्या बापाला दृष्टी यावी म्हणून मुलगी ३०० पोती तांदळाच्या बदल्यात स्वतःला खलाशांना विकते, ते तिला समुद्राला बळी देतात, पण ती वाचते, पुढे राणी होते आणि देशभरातल्या आंधळ्यांना जेवायला बोलावते, म्हणजे त्यात आपला बाप सापडेल. बाप येतो, पोरीचा आवाज ऐकतो आणि त्या क्षणी त्याचे डोळे उघडतात. हे माहीत असेल तर भाषा कळली नाही तरी गाणाऱ्या बाईचा तो घोगरा, फाटल्यासारखा आवाज ऐकून घशात काहीतरी अडकतंच. आवाज असाच का, असं नव्या माणसाला वाटतं, तर तो मुद्दाम तसा कमावलेला असतो, वर्षानुवर्षं रियाज करून, त्यामुळे गोड गळा शोधत बसू नका.

दुसरं, एकदम ८ तासांच्या वाटेला जाऊ नका. नॅशनल गुगाक सेंटरचं यूट्यूब चॅनल आहे, गुगाक म्हणजे कोरियाचं पारंपरिक संगीत, तिथे छोटे तुकडे मिळतात, १५-२० मिनिटांचे, तेच ३-४ वेळा ऐका. पहिल्यांदा नुसता आवाज, दुसऱ्यांदा नुसता ढोल, तिसऱ्यांदा गाणारीचा पंखा बघा, तो कधी पत्र होतो कधी काठी होते कधी करवत. ढोल जास्तच आवडला तर सामुलनोरी ऐका, क्वेंगग्वारी नावाची छोटी धातूची थाळी, जिंग नावाची मोठी घंटेसारखी थाळी, जांगू नावाचा मध्ये बारीक असलेला ढोल आणि बुक अशी ४ वाद्यं, गावातल्या शेतकऱ्यांच्या वाजवण्यातून १९७८ साली स्टेजवर आलेला प्रकार आहे आणि त्याला कुठल्याही भाषेची गरज नाही.

आणि हांगुल शिका, खरंच शिका, दोन शनिवार-रविवार पुरतात. राजा सेजोंगने १४४३ साली ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. आज त्यात २४ मूळ अक्षरं आहेत. मराठी माणसाला तर ती पटकन बसते कारण आपण कवर्ग तवर्ग पवर्ग म्हणत मोठे झालो, उच्चार तोंडात कुठून येतो ते आपल्याला माहितीये, आणि हांगुलमध्ये तर अक्षराचा आकारच त्यावरून घेतलाय, 'न' काढताना जीभ जशी वर टेकते तसं 'न'चं अक्षर वाकलेलं, 'म'चं अक्षर मिटलेल्या ओठांचा चौकोन. एवढं आलं की तिकडे स्टेशनची पाटी, मेन्यू, नाटकाचं तिकीट सगळं वाचता येतं, अर्थ नंतर कळू दे.

दुसऱ्या देशात गेलात तर

कोरिया लांब पडत असेल पण कामासाठी किंवा फिरायला लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, ओसाका असं कुठे जाणं झालं तर तिथलं कोरियन दालन सोडू नका. ब्रिटिश म्युझियममध्ये कोरियाचं दालन ६७ नंबरच्या खोलीत आहे आणि तिथे एक पांढरा रांजण आहे, त्याला मून जार म्हणतात, कोरियनमध्ये दालहांगारी. बर्नार्ड लीच या ब्रिटिश कुंभाराने तो १९३५ साली सोलमध्ये विकत घेतला होता. हा रांजण चालता चालता बघायची वस्तू नाहीये. खाली वाका, तुमचे डोळे रांजणाच्या मधोमध येतील असे, आणि सावकाश त्याच्याभोवती फिरा. तो इतका मोठा असतो की चाकावर एका दमात होत नाही, दोन वाडगे वेगवेगळे करून तोंडाला तोंड लावून जोडतात, त्यामुळे मध्ये एक हलकी कड दिसते आणि भट्टीत भाजताना तो थोडासा एका बाजूला बसतो. एका जागेवरून गोल वाटतो, दोन पावलं सरकलात की कललेला. मी त्याच्यासमोर २०-२५ मिनिटं होते आणि त्या दिवशी बाकी म्युझियम नाही बघितलं तरी मला चाललं.

ओसाकाला मातीच्या भांड्यांचं स्वतंत्र म्युझियम आहे, तिथे गोर्यो नावाच्या जुन्या कोरियन राजवटीच्या काळातली हिरवट निळी सेलाडॉन भांडी बघा. त्यावरचे क्रौंच पक्षी आणि ढग रंगवलेले नसतात, ओल्या मातीत कोरून त्यात पांढरी-काळी माती भरलेली असते. मोठ्या शहरांत कोरियन कल्चरल सेंटरही असतं, दिल्लीत पण आहे, तिथे भाषेचे, सुलेखनाचे वर्ग आणि कार्यक्रम होतात, त्यांचं महिन्याचं वेळापत्रक बघत जा.

कोरियात गेल्यावर

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. छुसॉक आणि सॉल्लाल हे मोठे सण कधी आहेत ते तारीख बघून मगच तिकीट काढा, त्या दिवसांत अर्धा देश गावी जातो आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. नेव्हर मॅप फोनमध्ये टाका, पायी चालायला तोच बरा. बस-मेट्रोला टी-मनी कार्ड.

सुट्टीचे वार पाठ करा, यात भलेभले फसतात. ग्योंगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद, छांगदोकगुंग सोमवारी बंद. ग्योंगबोकगुंगचं तिकीट ३,००० वॉन आहे पण हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून गेलात तर फुकट, आणि भाड्याने हानबोक देणारी दुकानं आजूबाजूला भरपूर आहेत. फोटो काढून झाले की मान वर करून छपराखालची रंगीत नक्षी बघा, तिला दांछंग म्हणतात, ती लाकूड पण टिकवते. छांगदोकगुंगच्या मागच्या बागेला वेगळं तिकीट लागतं आणि जागा मोजक्या असतात, आधी ऑनलाइन घेऊन ठेवा.

नॅशनल म्युझियम ऑफ कोरियाचं कायमचं प्रदर्शन फुकट आहे. तिथे एका अंधाऱ्या खोलीत दोनच मूर्ती ठेवल्यात, गालाला बोट लावून विचार करत बसलेले दोन बोधिसत्त्व, साधारण १,४०० वर्षांपूर्वीचे. काचेची पेटी नाही, पाटी नाही. लोक आत आल्यावर आपोआप हळू बोलायला लागतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा.

सोलमधल्या बुकछोनची हानोक म्हणजे जुन्या पद्धतीची घरं सुंदर आहेत पण तिथे माणसं राहतात हे विसरू नका, काही गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढंच जाता येतं, नाहीतर दंड आहे. त्यापेक्षा जोंजू शहरात जाऊन हानोकमध्ये रात्री राहा, खालून गरम होणाऱ्या जमिनीवर गादी टाकून झोपायचं, त्याला ओन्दोल म्हणतात.

शाकाहारी असाल तर टेम्पलस्टेचा, म्हणजे बौद्ध देवळात मुक्काम करण्याचा, नक्की विचार करा. देवळातल्या जेवणात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूण पण नसतो, बाहेर मात्र साध्या किमचीत सुद्धा बहुतेक वेळा माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो. पहाटे ४ च्या सुमाराला उठवतात, उठा, झोपून राहू नका, कारण प्रार्थनेआधी मोठा ढोल वाजतो तो जमिनीवरच्या प्राण्यांसाठी, लाकडी मासा पाण्यातल्यांसाठी, ढगाच्या आकाराची धातूची पाटी पक्ष्यांसाठी आणि घंटा नरकातल्या जिवांसाठी.

आणि आता पानसोरी. सोलमध्ये नॅशनल थिएटरला पूर्ण लांबीची पानसोरी होते, गुगाक सेंटरला छोटे मिश्र कार्यक्रम. दक्षिणेला नामवोनला जमलं तर जा, छुनह्यांगची गोष्ट तिथेच घडते. पूर्ण कार्यक्रमाला गेलात तर पाणी प्या, मध्यंतरात पाय मोकळे करा, आणि तीन शब्द पाठ करून जा: ओल्सिगू, चोथा, चालहान्दा. यांना छुइमसे म्हणतात. आपण 'क्या बात है' म्हणतो तसे, पण इथे ते सांगीतिक अंगच आहे, गोसू पण म्हणतो आणि प्रेक्षकांनी पण म्हणायचे असतात, गप्प बसलेल्या हॉलमध्ये गाणाऱ्याला अर्धं एकटं वाटतं. फक्त ते ओळीच्या मध्ये नाही, गाणारी श्वास घेते तिथे टाकायचे.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, सत्तरी तरी असेल. पहिला तासभर मी ऐकतच होते की त्या कुठे ओल्सिगू म्हणतात, आणि त्या गुडघ्यावर दोन बोटांनी ठेका धरून होत्या, ठेका जिथे पूर्ण व्हायचा तिथे बोटं थांबायची आणि शब्द यायचा. मग मी पण माझ्या गुडघ्यावर तसंच धरलं. बापाचे डोळे उघडायची जागा आली, गाणारीने पंखा फाडकन उघडला, ढोल थांबला, आणि आजींच्या आणि माझ्या तोंडातून तो शब्द एकदमच आला.