बार्सिलोनात कातालान शिकताना मराठी कानाचा उपयोग

बार्सिलोनाला एमए करायला निघाले तेव्हा गाठीशी सहा महिन्यांचं तोडकंमोडकं स्पॅनिश होतं आणि तेवढ्यावर भागेल असा समज होता. भागतं, खोटं कशाला बोलू. भाजीवाला, बँक, घरमालक, सगळीकडे भागतं. पण पहिल्याच आठवड्यात कळलं की माझे दोन विषय कातालानमध्ये, म्हणजे तिथल्या स्वतःच्या भाषेत, शिकवले जाणार आहेत. तिथली विद्यापीठं विषयाच्या माहितीपत्रकात शिकवण्याची भाषा छापतात. मी तो रकाना वाचलाच नव्हता. म्हणून पहिलं काम, विषय निवडायच्या आधी तो रकाना शोधा. दुसरं काम, त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या भाषाविभागात जाऊन ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या कातालान वर्गात नाव घाला. जागा भरायला वेळ लागत नाही.

वर्गात निम्मे विद्यार्थी कोलंबिया, अर्जेंटिना, इटली इकडचे होते. बाई काय बोलताहेत ते त्यांना पहिल्या दिवसापासून कळायचं. मी मात्र नुसती मान डोलवायचे. महिनाभराने मोठ्याने वाचायची वेळ आली आणि गंमत झाली. बाई त्यांना शब्दाशब्दाला अडवत होत्या, मला मात्र पुढे जाऊ देत होत्या. कारण एकच, आपला अ.

बार्सिलोना हेच नाव घ्या. माद्रिदचा माणूस 'बार्थेलोना' म्हणतो, एकेक स्वर खणखणीत. बार्सिलोनाचा माणूस कातालानमध्ये 'बर्सलोनऽ' म्हणतो. जोर फक्त 'लो'वर. ज्या अक्षरावर जोर नाही तिथे रोमन a असो की e, दोन्हींचा साधा अ होतो, आणि ओचा उ होतो. चॉकलेटला म्हणूनच 'शुकुलातऽ' म्हणतात. हा अ स्पॅनिशमध्ये नाही, त्यामुळे स्पॅनिशवाले अडखळतात. आपल्या बाराखडीची तर सुरुवातच त्याने होते. (वालेन्सियाकडे स्वर असे बदलत नाहीत. तिथे भाषेचं नावही वेगळं, स्पॅनिशमध्ये वालेन्सियानो, पण भाषा तीच. यावर तिथे वाद घालू नका, निदान ए-वनला तरी.)

आपली एक सवय मात्र नडते. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो, शेवटचा अ गिळतो. कातालानमध्ये तो गिळायचा नाही. बाई म्हणजे 'दॉनऽ', शेवटचा अ ऐकू आला पाहिजे. मी वहीत असे शब्द देवनागरीत लिहून शेवटी अवग्रह द्यायचे, आणि ती युक्ती शेवटपर्यंत कामी आली. शेजारचा इटालियन मुलगा माझ्या वहीत डोकावून ते चिन्ह काय म्हणून विचारायचा.

देवनागरीचा आणखी एक फायदा आहे. कातालानमध्ये ए दोन आणि ओ दोन, एक मिटलेला, एक उघडा. आपल्याकडे त्यासाठी ॲ आणि ऑ तयारच आहेत. दहा म्हणजे 'दॅउ' आणि देव म्हणजे 'देउ'. दह्याला नव्हे, दहाला तोंड जास्त उघडायचं, देवाला कमी. देव आणि देउ हे लांबचे चुलतभाऊच आहेत, तेवढ्यावरून लक्षात राहतं. तसंच बारा म्हणजे 'दोजऽ', पण हा ज जहाजातला, जिलेबीतला नव्हे. तेरा आणि सोळालाही तोच ज.

ळ मात्र बाजूला ठेवा. दोन एल एकत्र दिसले की आपल्या जिभेला ळ म्हणावासा वाटतो, पण तो उच्चार 'ल्य' आहे. चंद्र म्हणजे 'ल्यूनऽ'. दोन एलच्या मधोमध वर टिंब दिलेलं असेल तर मात्र ल्य नाही, आपला गल्ली-दिल्लीतला ल्ल. शाळेला 'कुल्लॅझी' म्हणतात ते असंच. स्पेनच्या कीबोर्डवर शिफ्ट धरून 3 दाबलं की ते टिंब उमटतं. साधा पूर्णविराम टाकून काम भागवलंत तर बाई लाल शाई उचलतात. शब्दाच्या शेवटचा 'र' बहुधा मुका असतो, म्हणून बोलणं हे क्रियापद लिहिताना र लिहायचा आणि म्हणताना 'परला' म्हणायचं.

आता घड्याळ. माझी फजिती इथे झाली, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कातालानमध्ये वेळ पुढच्या तासाच्या पावांमध्ये मोजतात. सव्वादोन म्हणजे 'ऊन क्वार्त द त्रॅस', तीनचा एक पाव झाला. अडीच म्हणजे 'दोस क्वार्त्स द त्रॅस', तीनचे दोन पाव. पावणेतीन म्हणजे 'त्रॅस क्वार्त्स द त्रॅस', तीनचे तीन पाव. मला फोनवर 'दोस क्वार्त्स द त्रॅस' अशी वेळ मिळाली. दोन पाव म्हणजे अर्धा, आणि पुढे तीन, म्हणजे साडेतीन, असा हिशेब करून मी ग्रासिया भागातल्या बिला द ग्रासिया चौकात घड्याळाच्या मनोऱ्याखाली बरोबर साडेतीनला उभी राहिले. ज्यांना भेटायचं होतं त्या बाई, शिकवणाऱ्या नव्हेत, अडीचपासून तिथे बसल्या होत्या. तासभर उशीर, तोही एवढ्या मोठ्या घड्याळाखाली.

त्यानंतर मी पावणे धरून बसले. 'पावणेतीन' म्हणताना आपण तीनचं नाव घेतो, पण तीन अजून वाजलेले नसतात, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. कातालान तेच सव्वा आणि साडेलाही लावतं. कुठलाही पाव असो, नाव येणाऱ्या तासाचं. एवढं मनात पक्कं केलं आणि मग चूक झाली नाही. सुरुवातीला वेळ ठरवताना आकड्यांत लिहूनही घ्या, त्यात लाज नाही.

व्याकरणात दोनच ठिकाणी थांबा. पहिलं म्हणजे भूतकाळ. 'बाच अना' म्हणजे शब्दशः 'जाते जाणं', अर्थ 'मी गेले'. 'बाच मन्झा' म्हणजे 'मी जेवले'. स्पॅनिश येणाऱ्याला हे हमखास 'मी जेवणार आहे' वाटतं, कारण त्यांच्याकडे जाणं हे क्रियापद भविष्य दाखवतं. आमच्या वर्गातला एकजण 'बाच मन्झा' म्हणून जेवायला उठला तर बाईंनी विचारलं, 'काय जेवलास?' आपल्याला 'बोलून गेला', 'होऊन गेलं' यांतलं जाणं आठवलं की गोंधळ होत नाही. दुसरं, 'अन' आणि 'इ' हे चिमुकले शब्द. बाजारात किती सफरचंदं हवीत असं विचारलं तर 'अन बुल्य त्रॅस', म्हणजे त्यातली तीन हवीत. 'इ बाच' म्हणजे तिथे जातेय. 'त्यातली' आणि 'तिथे' म्हणून पाठ करा, बाकीची नियमावली बी-वनपर्यंत थांबू शकते.

व्याकरण पुस्तक विकत घ्यायचं असेल तर सान आन्तोनीच्या रविवारच्या पुस्तकबाजारात जुनी स्वस्तात मिळतात. मी घेतलं. पण त्यात 'मी आहे' या अर्थाच्या 'सोक' शब्दावर तिरकी रेघ होती आणि गृहपाठात ती रेघ दिल्यावर बाईंनी खोडली. कातालान भाषेची अकादमी, इन्स्तितुत द'अस्तुदिस कतलान्स, हिने 2016 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम मंजूर केले आणि सारखे दिसणारे शब्द वेगळे ओळखण्यापुरती दिलेली ती रेघ फक्त 15 शब्दांवर शिल्लक ठेवली. सोक त्यात नाही. जुनं पुस्तक घ्या, पण छापल्याचं साल पाहून घ्या.

सगळ्यात अवघड गोष्ट व्याकरण नाहीच. तुम्ही परके दिसलात, थोडं अडखळलात की समोरचा सौजन्य म्हणून स्पॅनिशमध्ये शिरतो. आपण मराठी माणसं चटकन हिंदीत शिरतो तसंच. त्याचा राग मानू नका, पण मागेही सरकू नका. हे वाक्य आरशासमोर घोटून ठेवा: 'अस्तिक अप्रनेन कतला. अम पॉत्स परला अन कतला, सिस्प्लाउ?' मी कातालान शिकतेय, माझ्याशी कातालानमध्ये बोलाल का? मी हे पहिल्यांदा विद्यापीठाच्या उपाहारगृहात कॉफी मागताना म्हटलं. काउंटरवरच्या माणसाने हातातलं काम थांबवलं, आणि मग इतकं भराभर बोलला की मला शेवटी फक्त किंमत कळली. तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तो आपणहून कातालानमध्ये सुरू झाला.

यासाठीच 'बुलुंतरिआत पर लऽ ल्येंग्वऽ' नावाचा उपक्रम आहे, भाषेसाठी स्वयंसेवा. शिकणाऱ्याची अस्खलित बोलणाऱ्याशी जोडी लावून देतात, आणि दोघांनी आठवड्याला एक तास याप्रमाणे दहा तास गप्पा मारायच्या. जरूर नाव द्या. घड्याळाखाली तासभर ताटकळलेल्या त्या बाई माझ्या जोडीदार होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना आदराने 'बुस्तॅ' म्हणजे तुम्ही म्हणायचे, त्या दरवेळी 'तू म्हण' म्हणून दटावायच्या. मराठी तोंडाला ते शेवटपर्यंत जड गेलं.

एकदा त्यांनी माझी श्रुतलेखनाची वही पाहिली आणि म्हणाल्या, 'तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे.' मला वाटलं, मन राखताहेत. तसं नव्हतं. त्यांचं सगळं शालेय शिक्षण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत झालं, 1939 ते 1975 मधल्या त्या काळात. घरात कातालान, शाळेत फक्त स्पॅनिश. स्वतःची भाषा लिहायला त्या चाळिशीत, रात्रीच्या वर्गात शिकल्या. भाषातज्ज्ञ पोंपेउ फाब्राच्या पुढाकाराने 1913 मध्ये शुद्धलेखनाचे नियम ठरले होते, पण त्यांच्या पिढीच्या हातात ते पोचलेच नाहीत. कातालानला स्पॅनिशची बोली म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा का पडतो, ते मला त्या वहीवरून कळलं.

घरबसल्या सरावासाठी परला-पुंत-कात (parla.cat) हे सरकारी संकेतस्थळ आहे. शिक्षकाशिवाय वापरलं तर फुकट. कातालान वाहिनी तेवे-त्रॅसच्या लहान मुलांच्या मालिकांपासून सुरुवात करा, बातम्यांपासून नको.

संस्कृतीचा भाग आमच्या वर्गात परीक्षेपुरता होता, पण खरी मजा वर्गाबाहेर आहे. 23 एप्रिलला सान झॉर्दीचा सण. रस्तोरस्ती गुलाबांचे आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. सुट्टी नसते, तास असतातच, म्हणून सकाळी लवकर बाहेर पडा, संध्याकाळी रांब्ला या हमरस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला बाईंनी काम दिलं होतं, एका विक्रेत्याला कातालानमध्ये विचारून पाच वर्षांच्या मुलाला कळेल असं पुस्तक घ्यायचं. 'मुलगा केवढा आहे?' असं त्याने विचारलं. 'मीच ती', असं सांगावं लागलं.

आणि माणसांचे मनोरे, म्हणजे कस्तेल्स. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला वाटतं, यात काय नवीन. नवीन आहे. इथे वर फोडायला काही नसतं, आणि मनोरा नीट उतरवला तरच पुरे यश. वरपर्यंत पोचून उतरताना कोसळला तर 'कर्रगात', सुखरूप उतरला तर 'दस्कर्रगात'. नावं आकड्यांची असतात. 'त्रॅस द बुइत' म्हणजे आठ थर, अगदी वरचे सोडले तर थराला तीन माणसं. 2010 मध्ये युनेस्कोने कस्तेल्सना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

विद्यार्थ्यांची स्वतःची पथकं असतात. बार्सिलोनात 'अर्रप्लगात्स', बार्सिलोना स्वायत्त विद्यापीठात 'गनापिअस'. सरावाला नवखे चालतात, कारण तळाच्या गर्दीला, पिन्यऽला, माणसं कमीच पडतात. अमुन म्हणजे वर, ब्रासुस म्हणजे हात, अस्पाल्ल्यऽ म्हणजे खांदा, हे शब्द मला पुस्तकातून शिकावेच लागले नाहीत. अंगावर ओरडून शिकवले गेले.

जाताना चष्मा, घड्याळ, कानातलं घरी ठेवा. कमरेला फाशऽ बांधतात, काही मीटर लांबीचा काळा पट्टा. एकजण टोक ताणून धरतो आणि आपण गिरक्या घेत त्यात गुंडाळून घ्यायचं. जितका घट्ट तितकी पाठ सुरक्षित. मग पुढच्याच्या पाठीला चिकटायचं, हात वर, मान खाली. वर बघायचा मोह आवरा. वर काय चाललंय ते सनईसारख्या ग्राल्यऽ वाद्यावरून कळतं. सर्वांत वरचं लेकरू, अन्शनॅतऽ, हात उंचावतं तेव्हा सूर बदलतो. त्या क्षणी सैल सोडू नका, उतरणं अजून बाकी असतं.